पडक्या मनोऱ्यांची मोजणी

1929 सालची गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाची बेटे आहेत. तेथे रॉबर्ट रेंडल नावाचे एक गृहस्थ राहत असत. कापडाच्या दुकानात नोकरी करावी, फावल्या वेळी कविता लिहाव्यात, शिंपले गोळा करावेत, असा त्यांचा स्वभाव. एके दिवशी ते समुद्रकाठच्या एका गवताळ टेकाडावर तिपाई टाकून चित्र काढीत बसले होते. बसल्या बसल्या तिपाईचा एक पाय एकदम जमिनीत खचला. काय झाले म्हणून त्यांनी तेथले दगड हाताने बाजूला केले, तो खाली पायऱ्या दिसू लागल्या!

ज्याला सगळे टेकाड समजत होते ते टेकाड नव्हतेच. तो दोन हजार वर्षांहून जुना एक दगडी मनोरा होता. वरून ढासळलेला आणि स्वतःच्याच दगडांखाली गाडला गेलेला. त्या जागेचे नाव गर्नेस. पुढच्या दहा वर्षांत तेथे उत्खनन झाले आणि मनोऱ्याभोवतीचे सबंध गाव उजेडात आले.

ही हकिकत आधी सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्याही गावाबाहेर अशी टेकाडे असतात. कोणी त्याला गढी म्हणतो, कोणी पांढर म्हणतो, कोणी नुसते ‘पडीक’ म्हणतो. पोरे तेथे विटीदांडू खेळतात, शेरडे चरतात. त्याखाली काय आहे हे न खणताही पुष्कळसे कळू शकते, आणि त्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. दोरी, खुंट्या, मोजण्याची टेप, वही आणि चिकाटी एवढे पुरते. ते कसे, हे स्कॉटलंडमधल्या मनोऱ्यांच्या आधाराने मी सांगणार आहे. कारण तेथल्या लोकांनी हे काम सुमारे तीनशे वर्षे, कधी नेटाने तर कधी रडतखडत, चालविले आहे. आणि त्यांच्या चुकाही आपल्याला शिकण्यासारख्या आहेत.

या मनोऱ्यांना तिकडे ‘ब्रॉख’ म्हणतात. नॉर्वेकडून आलेल्या लोकांच्या भाषेत किल्ल्याला ‘बोर्ग’ असा शब्द होता, त्याचेच हे रूप. स्कॉटलंडच्या उत्तर आणि पश्चिम भागांत, मुख्यतः शेटलंड, ऑर्कनी, केथनेस, सदरलंड आणि पश्चिमेकडील बेटे येथे मिळून सुमारे पाचशे ठिकाणी त्यांचे अवशेष आहेत. त्यांतले बहुतेक इसवी सनापूर्वी 400 पासून इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंतच्या काळात बांधले वा वापरले गेले. म्हणजे आपल्याकडे भाजे आणि कार्ले येथील लेणी कोरली गेली, त्याच शतकांच्या आगेमागे. आपल्याकडे उभ्या डोंगरात घर कोरून काढीत होते, तिकडे सपाटीवर दगडावर दगड ठेवून डोंगर उभा करीत होते.

पाचशेंपैकी अंगाने धडधाकट म्हणावेत असे मनोरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत पहिला मान शेटलंडमधल्या मूसा बेटावरच्या मनोऱ्याचा. तो आजही 13 मीटर उंच उभा आहे. म्हणजे चार मजली इमारत समजा. पायथ्याशी बाहेरून सुमारे 15 मीटर रुंद, आणि आतली मोकळी जागा मात्र साधारण 6 मीटर. मग मधले सगळे गेले कोठे? भिंतीत! एकूण रुंदीतला निम्म्याहून अधिक भाग नुसती भिंतच आहे. बाहेरून पाहाल तर खिडकी नाही, झरोका नाही. वाकून जावे लागेल असे एकच दार. आकार खाली रुंद, वर किंचित निमुळता, पुन्हा सरळ.

आता खरी मौज ऐका. या सबंध बांधकामात चुना नाही, चिखल नाही, लोखंडाचा खिळा नाही. कोकणात आपण जसा गडगा रचतो, किंवा मावळात डोंगरउतारावर ताल घालतो, तशी ही कोरडी रचाई. पण गडगा छातीइतका उंच झाला की आपण थांबतो. या लोकांनी तो चार मजले कसा चढविला? युक्ती अशी की, भिंत एक नाही, दोन आहेत. एकीच्या आत दुसरी. दोहोंमध्ये माणूस जाईल एवढी फट. ठराविक उंचीवर सपाट, लांब शिळा आडव्या टाकून या दोन्ही भिंती एकमेकींना बांधून टाकल्या आहेत. त्या शिळा म्हणजे खालच्या फटीचे छप्पर आणि वरच्या फटीची जमीन. त्यामुळे भिंतीच्या पोटात एकावर एक अशा गोल गल्ल्या तयार होतात, आणि त्यांतूनच वळणावळणाने एक जिना वर जातो. दगड कमी लागतो, वजन कमी होते आणि भिंत फुगून फुटत नाही. दारावरच्या आडव्या शिळेवर भार येऊ नये म्हणून तिच्यावर भिंतीत पोकळ्यांची उभी रांग ठेवलेली असते.

ज्यांनी राजगडाची संजीवनी माची पाहिली असेल त्यांना हे ऐकताना काही आठवले असेल. तेथला चिलखती बुरूज आठवा. एक तट, त्याबाहेर चिलखतासारखा दुसरा, आणि दोहोंमधल्या अरुंद जागेत उतरणाऱ्या पायऱ्या. मी असे म्हणत नाही की, एकाने दुसऱ्याचे पाहून केले. मध्ये दीड-दोन हजार वर्षे आणि अर्धी पृथ्वी आहे. शिवाय हेतूही निराळा. पण दगडाशी ज्याला झुंजायचे आहे त्याला दगडच काही गोष्टी शिकवतो, असे मला वाटते. ब्रॉखच्या दारातही आपल्या किल्ल्यांसारखी पहारेकऱ्याची देवडी असते, आणि अडसर सरकविण्यासाठी भिंतीत भोके असतात. आमच्या विद्यार्थ्यांना मी फळ्यावर नकाशा काढून दाखविला तेव्हा एकजण पटकन म्हणाला, “सर, ही तर आमच्या गढीची देवडी!”

हे मनोरे पडले कसे? वारा-पाऊस आहेच. पण सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माणूस, आणि तोही वाईट माणूस नव्हे. घर बांधणारा, बांध घालणारा, रस्ता करणारा साधा माणूस. घडीव नसला तरी निवडून आणलेला सपाट दगड आयता मिळत असेल तर कोण सोडील? स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ग्लेनेल्ग नावाचे खोरे आहे. तेथे डून टेल्व्ह आणि डून ट्रॉडन असे दोन मनोरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांतल्या डून टेल्व्हचे दगड 1722 साली काढून नेण्यात आले. ते बहुधा जवळच चाललेल्या बर्नेरा येथील लष्करी बराकींच्या बांधकामासाठी. आणि दैव कसे पाहा, त्या बराकीही आज पडक्याच आहेत.

पण एक गोष्ट बरी झाली. अलेक्झांडर गॉर्डन नावाचा एक हौशी प्रवासी त्या सुमारास तिकडे हिंडत होता. त्याने 1726 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मनोऱ्यांचे वर्णन लिहून ठेवले. त्याची अनुमाने आज कोणी मानीत नाही. वर्णन मात्र उपयोगी पडते. यातले मर्म शिक्षक मंडळींनी ध्यानात घ्यावे. अनुमान जुने होते, माप जुने होत नाही. गॉर्डननंतरही शे-सव्वाशे वर्षे लोक या मनोऱ्यांना ‘डेन लोकांचे किल्ले’ म्हणत होते. का, तर समुद्रापलीकडून आलेले ते लढवय्ये लोक सर्वांच्या तोंडी होते. वस्तुतः डेन्मार्क आणि नॉर्वे या त्यांच्या मायदेशांत असा एकही मनोरा नाही. ज्यांनी घरी कधी बांधला नाही ते परमुलखात जाऊन पाचशे कसे बांधतील? हे लोक मूसाला आले खरे, पण त्यांच्या जुन्या कथांतच लिहिले आहे की, मनोरा त्यांना आयता उभा मिळाला. 1153 साली एका सरदाराने दुसऱ्या सरदाराच्या आईला घेऊन मूसाच्या मनोऱ्यात आसरा घेतला आणि मुलाने बाहेरून वेढा घातला, अशी हकिकत त्या कथांत आहे. मनोरा काही हाती येईना, तेव्हा शेवटी समेट करावा लागला. त्या वेळीच तो हजारबाराशे वर्षांचा जुना होता!

एकोणिसाव्या शतकात मोजणीच्या कामाला वळण लागले. सर हेन्री ड्रायडन नावाचे एक इंग्रज जमीनदार वारंवार उत्तरेच्या बेटांवर जात, आणि ऑर्कनीतल्या जॉर्ज पेट्री यांच्या सोबतीने मनोऱ्यांचे नकाशे व छेद काढीत. छेद म्हणजे काय? कलिंगड मधोमध कापले की आतले जसे दिसते, तसे इमारतीचे चित्र. पुढे 1882 साली ब्रिटनमध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला, त्याच्या यादीत यांतले काही मनोरे होते. पण यादीत घालायचे तर आधी आहे काय ते कळले पाहिजे. म्हणून 1908 साली स्कॉटलंडमध्ये एक राजआयोग नेमला गेला. त्याचे पहिले चिटणीस अलेक्झांडर कर्ल. या गृहस्थांनी काय केले? कचेरीत बसून पत्रके धाडली नाहीत. सायकल काढली. सायकल जाईल तेथवर सायकलने, पुढे पायी, पावसात आणि दलदलीत, एकेक परगणा पालथा घातला. सदरलंड आणि केथनेस या दोन परगण्यांच्या याद्या 1911 साली छापून निघाल्या. त्यांत प्रत्येक अवशेष कोठे आहे, किती रुंद आहे, भिंत किती जाड आहे आणि काय दिसते, ते लिहिले आहे. काय दिसते तेवढेच. मला त्या याद्यांचे हेच कौतुक वाटते.

आपल्याकडे पश्चिम भारतातील लेण्यांची आणि देवळांची पद्धतशीर मापे ज्यांनी 1874 च्या सुमारापासून घ्यावयास सुरुवात केली ते जेम्स बर्जेस स्कॉटलंडचेच, हे येथे सहज आठवले.

असो. आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. समजा, आपल्यासमोर दगडांचा एक गोल ढीग आहे. पहिला नियम, हाताला काही लावायचे नाही. नुसते भोवती फिरायचे. एकदा सकाळी, एकदा उन्हे उतरल्यावर. तिरप्या उन्हात जमिनीवरचे उंचवटे सावल्यांनी उठून दिसतात, भर दुपारी दिसत नाहीत. या फेरीत एकच प्रश्न मनात ठेवायचा, रचलेला दगड कोणता आणि पडलेला कोणता? हे ज्याला ओळखता आले त्याची निम्मी मोजणी झाली. रचलेला दगड आडवा, आपल्या थरात असतो. त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या सांध्यावर वरचा दगड बसलेला असतो. पडलेला दगड कसाही तिरपा. गावातला एखादा जुना गवंडी बरोबर घ्या. पदवीधर माणसाच्या आधी त्याला कळते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

पडलेल्या दगडांत रचलेल्या भिंतीचा एखादा तुकडाच डोके वर काढून असतो. चार हात, पाच हात. सबंध वर्तुळ दिसत नाही, मध्य कोठे ते कळत नाही. मग व्यास कसा काढायचा? येथे आपली जुनी विद्या कामास येते. आर्यभटाने 499 साली लिहिलेल्या ग्रंथात एक नियम दिला आहे. वर्तुळात दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंतचे अंतर तो शर, म्हणजे बाण. अर्ध्या जीवेचा वर्ग करून त्याला शराने भागायचे आणि आलेल्या आकड्यात पुन्हा शर मिळवायचा, की वर्तुळाचा व्यास आला.

उदाहरण घेऊ. ऐकताना आकडेमोड कंटाळवाणी वाटेल, पण हे भाषण छापून हाती येईल तेव्हा पेन्सिल घेऊन करून पाहावे. मनोऱ्याच्या आतल्या भिंतीचा एक तुकडा उघडा आहे. त्याच्या दोन टोकांना दोरी ताणली, ती भरली 3 मीटर 60 सेंटिमीटर. दोरीच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर 60 सेंटिमीटर. दोरीचे निम्मे 1.8 मीटर, त्याचा वर्ग 3.24, भागिले 0.6, उत्तर 5.4. त्यात 0.6 मिळवले की 6. म्हणजे आतला व्यास 6 मीटर. साधारण मूसाच्या मनोऱ्याइतका. दोन वाव दोरी आणि सातवीतले गणित! बुरूज बाहेरून मोजायचा असेल तर दोरी भिंतीतून जाणार कशी? तेव्हा सरळ काठी भिंतीला टेकवायची. जेथे टेकते तेथून काठीवर एक अंतर मोजायचे आणि तेथून काटकोनात भिंत किती दूर आहे ते पाहायचे. पहिले अंतर अर्ध्या जीवेच्या जागी, दुसरे शराच्या जागी. हिशेब तोच.

मात्र एकदा करून समाधान मानू नये. तीन वेगवेगळ्या ठिकाणी करावे. तिन्ही उत्तरे जुळली तर भिंत वर्तुळाकार आहे. एक फटकून निघाले तर एक तर तेथे भिंत फुगली आहे, किंवा आपण पडलेल्या दगडाला रचलेला समजलो आहोत. बहुधा दुसरेच! स्कॉटलंडमध्ये अशी काटेकोर मापे घेतल्यावर दिसून आले की, कित्येक मनोऱ्यांचा आतला पाया जवळजवळ बिनचूक वर्तुळ आहे. डोळ्याच्या अंदाजाने असे वर्तुळ येत नाही. मध्ये खुंटी ठोकून दोरी फिरविल्यानेच येते. म्हणजे जागेवर पहिला दगड पडण्याआधी कोणीतरी तेथे खुंटी ठोकून उभा होता. त्याचे नाव गेले, भाषा गेली, खुंटीही कुजून गेली. मापातून मात्र तो सापडला.

एकेकट्या मनोऱ्याच्या मोजणीपेक्षाही शेकडो मनोरे एका नकाशावर मांडल्यावर जे कळले ते मोठे आहे. पूर्वी सर्वांची समजूत अशी की, एवढ्या जाड भिंती म्हणजे हा किल्लाच. फौजा येत असतील, लढाया होत असतील. नकाशा पाहिल्यावर ध्यानात आले की, बहुतेक मनोरे समुद्रकाठी किंवा नदीकाठी, आणि कसण्यासारखी जमीन असेल तेथे आहेत. ओसाड माळावर आणि डोंगरमाथ्यावर फार थोडे. आतल्या भिंतीला कमरेच्या वर एक दगडी पट्टी पुढे काढलेली असते. तिच्यावर लाकडी माळ्याच्या तुळया टेकत. राउझी बेटावरच्या मिडहाउ मनोऱ्यात चूल आहे, उभ्या शिळांचे आडोसे आहेत, झऱ्याच्या पाण्याचा हौद आहे. हे सगळे पाहिले म्हणजे मला तरी हे एखाद्या भरल्या घरच्या शेतकऱ्याचे, मानकऱ्याचे घर वाटते. शत्रूला अडवण्यापेक्षा शेजाऱ्याला दिपवण्यासाठी बांधलेले! आपल्या पाटलांच्या वाड्यांचे दरवाजे घराच्या मानाने केवढे मोठे असतात ते आठवून पाहा. अर्थात वेळ पडली तर तोच वाडा गढीचेही काम करतो. विद्वानांचा हा वाद संपलेला नाही, पण आता जो तो बोलतो तो मापे पुढे ठेवून बोलतो.

मोजणीत राहून गेलेल्या जागेचे काय होते, हेही सांगितले पाहिजे. शेटलंडमध्ये संबर येथे विमानतळ आहे. 1975 साली त्याकडे जाणारा नवा रस्ता काढताना एक टेकाड कापले गेले. टेकाड निसर्गाचे आहे अशीच समजूत होती. यंत्राने कडा कापली आणि आत रचलेल्या भिंती दिसल्या. ती जागा ओल्ड स्कॅटनेस. 1995 पासून तेथे दहा-अकरा वर्षे उत्खनन झाले, आणि तेथल्या मनोऱ्याचे बांधकाम इसवी सनापूर्वी 400 ते 200 या काळातले ठरले. म्हणजे तोवर जे समजत होते त्याहून दोन-एक शतकांनी जुने! एका रस्त्याच्या कडेने सबंध इतिहास मागे सरकला. आणि यंत्र चालविणाऱ्याने तिकडे लक्षच दिले नसते तर?

आता तेथे निराळे संकट आहे. मनोरे समुद्रकाठी, आणि समुद्र काठ खातो आहे. सरकारी माणसे सगळीकडे पुरी पडणार कशी? म्हणून 2012 ते 2016 या काळात गावोगावच्या सामान्य लोकांना हाताशी धरून किनाऱ्यावरच्या प्राचीन जागांची नोंद करण्याचा एक उपक्रम तेथे झाला. कोळी, शेतकरी, शाळामास्तर, पेन्शनर बाया-बाप्ये वहीत आणि मोबाइलवर नोंदी करू लागले. कोणती जागा कितपत खचली, काय नवीन उघडे पडले, याची माहिती त्यांनी पुरविली. जो रोज त्या वाटेने जातो त्याच्याइतकी बित्तंबातमी दुसऱ्या कोणाला असणार?

मूसाच्या मनोऱ्यात आजही वस्ती आहे, ती पक्ष्यांची. स्टॉर्म पेट्रेल नावाचे चिमणीएवढे समुद्रपक्षी उन्हाळ्यात त्या दोन भिंतींच्या सांदीसांदीत घरटी करतात आणि अंधार पडला की समुद्रावरून परत येतात. रात्री भिंतीला कान लावला तर आतून घरघर ऐकू येते म्हणतात.

आता थोडे आपल्या घरचे. आमच्या महाविद्यालयापासून दहा-बारा मैलांवर एका गावात गढी आहे. खाली काळ्या दगडाचे थर, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. तुम्ही पाहिलेल्या शंभर गढ्यांसारखीच. मी आठ विद्यार्थी घेऊन दोन दिवस तेथे राहिलो. मघाशी सांगितलेल्या काठीच्या रीतीने दोन बुरूज मोजले. उरलेले दोन दिवाळीच्या सुटीत मोजू म्हणून आलो. दिवाळीत परीक्षांचे पेपर आले, मग लग्नसराई आली, मग पाऊस आला. पुढच्या दिवाळीला गेलो तो तिसऱ्या बुरुजाच्या जागी खड्डा! दगड कोणत्याशा बांधाच्या कामाला गेले होते. कोणाचे काम, कोणी नेले, ते सांगून आता उपयोग नाही. आणि खरे म्हणजे मोठा दोष माझाच. गढीजवळच राहणारे एक म्हातारबाबा होते. मी म्हटले, “आबा, तुम्ही तरी अडवायचं ना!” ते म्हणाले, “मास्तर, तुमी दिवाळीला येनार म्हनला हुता. म्या लोकास्नी सांगितलं बी, मास्तर मोजायला यायचं हाईत, थांबा. वरीसभर थांबली की मानसं.” यावर काय बोलणार?

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमच्या गावी असे काही असेल तर पाचवी ते आठवीची मुले घेऊन एक शनिवार त्यासाठी द्यावा. उत्तर दिशा नक्की करावी, मापे मीटरमध्येच लिहावीत, आणि जे मोजले ते शाईने व जो अंदाज तो पेन्सिलीने लिहावा, म्हणजे पुढे घोळ होत नाही. फोटो काढताना शेजारी एखादी मोजपट्टी किंवा मापाची काठी उभी धरावी. नुसत्या भिंतीच्या फोटोवरून ती हातभर आहे की पुरुषभर ते कळत नाही. पावसाळ्यात भिंतीखाली मुलांना उभे करू नये. मातीची भिंत भिजली की सांगून पडत नाही. वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक शाळेत, आणि एक राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या आपल्या विभागाच्या कचेरीकडे पोस्टाने पाठवून द्यावी. जागा कोणाच्या मालकीची असेल तर आधी त्याला विचारावे, आणि बरोबर न्यावे. आपल्या गढीचे माप कागदावर उतरताना पाहिले की मालक स्वतःच राखणदार होतो.

खणायचे मात्र नाही. गुप्तधनाच्या नादाने गढ्यांचे जेवढे वाटोळे झाले तेवढे पावसाने केले नसेल. 1878 च्या निखात-निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, लपविणे गुन्हा आहे. हे गावात एकदा मोठ्याने वाचून दाखविले तरी काही खड्डे टळतील. आणि धनापेक्षाही मोठे नुकसान असे की, खणताना थर उलटेपालटे होतात. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे मग साक्षात ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आमच्या वहीत वायव्येच्या आणि ईशान्येच्या बुरुजांची मापे आहेत. आग्नेयेच्या पानावर खड्ड्याची लांबी-रुंदी लिहिली आहे. नैऋत्येचा बुरूज अजून उभा आहे. त्याच्या डोक्यावर पिंपळ उगवला आहे आणि एका अंगाने भिंतीला भेग गेली आहे. या खेपेला परीक्षेच्या आधीच जायचे ठरले आहे. आबांना तसा निरोप धाडला आहे.